आजारपण लांबत चाललंय, प्रार्थना चालू आहे पण आतून कोरडं झालंय. तुम्ही विश्वासात कसे टिकलात?

वैशाली_जालना

सर्वांना सलाम. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळेला चार तास, जाणंयेणं धरलं तर अख्खा दिवस तिथेच जातो. त्यांचं गॅरेज होतं ते बंद करावं लागलं. मी घरून डबे देते, सासूबाई बसल्या जागी भाजी निवडून देतात, त्याच्यावर घर चाललंय. मुलगा दहावीला आहे. कामाला मी घाबरत नाही हो, ते होतं कसंही. पण मागे घरी प्रार्थनासभा झाली त्यात एका भावांनी सगळ्यांच्या देखत विचारलं की घरात कबूल न केलेलं काही पाप राहिलंय का, एवढ्या प्रार्थना होऊन उत्तर येत नाही म्हणजे अडथळा आपल्याकडूनच असणार. मिस्टर खाली मान घालून बसले होते. त्या रात्री जेवले नाहीत. मग एका बहिणीचा फोन आला की खरा विश्वास असेल तर एक आठवडा डायलिसिस बंद ठेवून सगळं प्रभूवर सोडून बघा.

मी मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच वाढले, लग्नाआधी रविवारच्या शाळेत शिकवायचे. आता उपासनेला जाते पण गीत सुरू झालं की तोंड उघडत नाही, प्रार्थनेला बसलं की शब्द सुचत नाहीत आणि देवाचा राग आलाय असं मोठ्याने म्हणायची भीती वाटते.

"सगळं ठीक होईल" असं कृपया लिहू नका, ते खूप ऐकलंय. ज्यांचं ठीक झालं नाही आणि तरी विश्वास राहिला, वाढला, अशांनी सांगा की कसं.

---

शिल्पा_सिस्टर

वैशालीताई, विश्वासाचं सविस्तर नंतर बोलू, आधी हे वाचा. डायलिसिस एकदाही चुकवायचं नाही. कोणी कितीही मोठं प्रार्थना करणारं माणूस सांगू दे. मी काही वर्षं डायलिसिस युनिटला नर्स होते. किडनी काम करत नसली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडून माणूस अचानक जाऊ शकतो, अंगातलं पाणी वाढून फुप्फुसात उतरतं आणि श्वास कोंडतो. आठवडाभर बंद ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्या बहिणीला स्पष्ट सांगा, तुमच्याने सांगवत नसेल तर तुमच्या पाळकांना सांगायला लावा.

आणि आपल्याकडे प्रार्थनेबरोबर उपवास धरायची पद्धत आहे ना, मिस्टरांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही उपवास धरायचा नाही. शिवाय अशक्त झालेत म्हणून लोक प्रेमाने शहाळं, केळी, खजूर घेऊन येतात, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. बटाटा रताळ्याचं पण तेच. आलेल्याला नाही म्हणताना अवघडायला होतं पण म्हणा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं हे तुम्हाला बहुतेक माहीत असेलच, नसेल तर हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात त्यांना भेटा. डॉक्टर ट्रान्सप्लांटला योग्य म्हणत असतील तर मृत दात्याच्या किडनीसाठी यादीत नाव लावायचं विचारा, ते ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत होतं आणि तुमच्या भागाचं विभागीय केंद्र संभाजीनगरलाच आहे. नंबर कधी लागेल ते कोणी सांगू शकत नाही, पण नाव लावलेलं असावं.

आता एक शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं. मला एलीयाचा तो भाग फार आवडतो, १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा, रतामाच्या झुडपाखाली जाऊन पडतो आणि देवाला म्हणतो आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला ओरडत नाही. देवदूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, ऊठ खा म्हणतो. एलीया खातो आणि परत झोपतो, मग दुसऱ्यांदा तेच. देवाशी बोलणं त्याच्या नंतर, डोंगरावर. तुम्ही सध्या जेवताय का वेळेवर? झोप होते का? डबे करणाऱ्या बायका सगळ्यात शेवटी उरलंसुरलं खातात म्हणून विचारतेय.

---

रेव्ह_सातारा

वैशालीताई, सलाम. मी पाळक आहे, तुमच्या घरी जे बोललं गेलं ते वाचून फार वाईट वाटलं.

पापाच्या प्रश्नाबद्दल आधी. हा प्रश्न शिष्यांनी प्रभूला सरळ विचारलेला आहे, योहान ९. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो आणि ते विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणतो यानेही नाही, आईबापांनीही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली त्यांचा विषय आहे, तिथेही प्रभू विचारतो की ते बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला, आणि स्वतःच नाही म्हणतो. इतकं स्पष्ट उत्तर असताना आजाऱ्याच्या अंथरुणाशी उभं राहून तोच प्रश्न परत विचारायचा अधिकार कोणालाही नाही.

आणि "विश्वास कमी पडला" म्हणणाऱ्यांसाठी. प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता, तो काढ म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे". काटा गेला असं पुढे कुठेही लिहिलेलं नाही. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एक छोटंसं वाक्य आहे ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, पौल सांगतो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोगी बरे होत होते असं प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो, तोच पौल स्वतःच्या सोबत्याला आजारी ठेवून पुढच्या गावाला जातो. तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं तर त्याला थोडा द्राक्षारस घे म्हणून औषध सांगतो. यात पौलाचा विश्वास कमी होता का तीमथ्याचा?

तिसरं, रागाचं. ईयोबाने देवाला काय काय ऐकवलं ते तिसऱ्या अध्यायापासून वाचा, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो तो. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन बोलत राहतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणतात. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? मित्रांवर. ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला आणि तुम्ही बोलला नाहीत, असं सांगून त्यांना ईयोबाकडून प्रार्थना करून घ्यायला लावतो. या मित्रांनी एकच गोष्ट चांगली केली होती, सुरुवातीला सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द न बोलता. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

---

जॉन_पिंपरी

पाळकसाहेबांचा मान ठेवून बोलतो. हे सगळं बरोबर आहे पण असं वाचून लोकांना वाटेल की बरं होण्यासाठी प्रार्थनाच करू नये. माझी मुलगी ५ वर्षांची असताना मेंदूज्वराने आयसीयूत होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आमची मंडळी रात्रभर गुडघ्यावर होती आणि ती वाचली, आज कॉलेजला जाते. मी याला चमत्कारच म्हणणार, कोणी काही म्हणो. प्रभू काल होता तसाच आज आहे. ताई तुमच्या मिस्टरांसाठी मी बरं होण्याचीच प्रार्थना करणार.

---

रेव्ह_सातारा

जॉनभाऊ, करा, मीही तीच करतो. याकोबाच्या ५ व्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं लिहिलंय आणि मी तेल घेऊनच जातो. तुमच्या मुलीसाठी मनापासून देवाचे आभार. पण त्याच आयसीयूत त्याच रात्री दुसऱ्या कोणाचं तरी लेकरू गेलं असेल आणि त्याची आईही गुडघ्यावरच असेल. तिला भेटायला मी गेलो तर तिला काय सांगू, हा पाळक म्हणून माझ्यापुढचा प्रश्न आहे. तुमची साक्ष तिच्या तोंडावर मारायचा दगड व्हायला नको एवढंच माझं म्हणणं.

---

जॉन_पिंपरी

हे पटलं साहेब. आमच्या शेजारच्या बेडवरचा मुलगा खरंच गेला होता. त्याच्या वडिलांशी मी काय बोलावं ते मला आजपण सुचत नाही.

---

निखिल_ना

मी जरा वेगळं बोलतो, चालेल ना. मला चर्चमध्ये सगळ्यात जास्त खटकणारं वाक्य म्हणजे "देव परीक्षा बघतोय" किंवा "देव तुला घडवतोय". बाबा गेले तेव्हा मी बारावीत होतो आणि प्रत्येक जण रोमकरांस ५ काढून यायचा, संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. मला वाटायचं माझं शील घडवायला माझा बाप मारायची गरज होती का. असा देव मला नको होता आणि मी दोनेक वर्षं चर्चला गेलोच नाही.

आता जातो. कोणी समजावलं म्हणून नाही जात. त्याच ५ व्या अध्यायात पुढे वाचलं की आपण दुर्बळ असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. म्हणजे पौल सुरुवात आपल्या धीरापासून करतच नाहीये, देवाने आधी काय केलं तिथून करतोय. संकट देवाने पाठवलं असं त्या ओळीत कुठेच नाही, संकट आलेलं आहे आणि ते फुकट जाणार नाही एवढंच आहे. हे मी धरून आहे. बाकी "का" चं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि मिळाल्यासारखं दाखवणाऱ्यांपासून मी लांब राहतो.

---

नगरचे_गुरुजी

वैशालीबाई, सलाम. निवृत्त शिक्षक आहे, नगरचा, आता अहिल्यानगर म्हणायचं. तुम्ही विचारलंत की ज्यांचं ठीक झालं नाही आणि विश्वास वाढला असे कोण, तर मला आपल्याच मातीतली पंडिता रमाबाई आठवते आणि आपण तिची गोष्ट नेहमी अर्धवट सांगतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाने त्रास दिलेला माणूस, सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी हिंडायचं. दक्षिणेतल्या दुष्काळात वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण, उपासमारीने. राहिले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत कलकत्त्याला पोचले, तिथे तिच्या विद्वत्तेला मान मिळाला, पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या, आता कुठे दिवस बरे आले म्हणावं तर १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं, १८८२ च्या फेब्रुवारीत ते पटकीने गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही झालेली नव्हती. बाईचं वय तेव्हा २३.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला तिचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकायची होती तर ऐकायला कमी येऊ लागलं होतं म्हणून ते राहिलं. आपल्याकडे गोष्ट इथे संपवतात, ख्रिस्ती झाली आणि शांती मिळाली. तिने स्वतः पुढे लिहिलंय ते तसं नाही. तिचं म्हणणं असं की बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे तुम्ही जे कोरडेपण म्हणताय ते रमाबाईलाही चुकलं नाही, आणि तेही विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी शारदासदनासारखं काम उभं केलेलं असताना. १८८९ ला मुंबईत सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं, मुली बाटवते म्हणून टीका झाली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आणि मग १८९६ चा मध्य प्रांतातला दुष्काळ. ही बाई स्वतः तिकडे गेली आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आली. केडगावची मुक्ती मिशन ही संस्था त्यातून वाढली. माझ्या मते तिच्या सगळ्या आयुष्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण उपासमार म्हणजे काय हे तिने घरातली माणसं गमावून बघितलेलं होतं, दुसरी कोणी असती तर दुष्काळ या शब्दापासून पळाली असती. ही उलट तिथेच गेली. तिच्या आईवडिलांच्या मरणाचा अर्थ तिला लागला होता असं मी म्हणणार नाही, पण त्या मरणाने तिचे डोळे ज्यांच्याकडे लावले त्यांच्यासाठी ती उठली.

शेवटही ऐका. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं काम सोपवायचं होतं ती एकुलती मुलगी. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर करत होती. ते काम तिने सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये ती गेली. शेवटपर्यंत तिचं "ठीक" झालं नाही बघा.

---

निखिल_ना

गुरुजी, फार भारी लिहिलंत, वाँटेजनंतरचं मला माहीतच नव्हतं. पण एक शंका. एवढ्या मोठ्या माणसांची उदाहरणं ऐकली की माझ्यासारख्याला अजून दडपण येतं. सगळे काही मुक्ती मिशन उभं करू शकत नाहीत. वैशालीताई रोज डबे करून घर चालवतायत तेवढं पुरे नाही का?

---

नगरचे_गुरुजी

पुरे आहे. पुरेपेक्षा जास्त आहे. रमाबाईची गोष्ट मी तिने केलेल्या कामासाठी सांगितली नाही रे, तिच्या कोरड्या वर्षांसाठी सांगितली. लक्ष्मीबाई टिळकांचं घे. १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि ही बाई दुःखाने वेडीपिशी झाली, काही वर्षं वेगळी राहिली. परत एकत्र आल्यावरही तिने लगेच नवऱ्याच्या मागे जाऊन धर्म बदलला नाही, विचार करत करत, स्वतःला पटल्यावर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या मधल्या वर्षांत ती स्वयंपाक, मुलं, आजारपणं यातच होती. विश्वास असा चुलीपाशीही वाढतो, आणि सावकाश.

---

मंजिरी

मी ख्रिस्ती नाही, आमचं घर वारकरी, तरी लिहू का? धागा वाचून राहवलं नाही. आमच्या तुकोबांनीही १६३० च्या आसपासच्या दुष्काळात बायको आणि मुलगा गमावला, धंदा बुडाला, आणि विठ्ठलाशी ते कसे भांडतात ते अभंगात आहेच. आम्हाला लहानपणापासून देवाशी भांडणं हे भक्तीतलंच वाटतं, त्यामुळे वैशालीताईंना राग बोलायची भीती वाटते हे वाचून आश्चर्य वाटलं. तुमच्याकडे हे चालत नाही का?

---

रेव्ह_सातारा

मंजिरीताई, अवश्य लिहा. रेव्हरंड टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, त्यामुळे तुम्ही परक्या नाहीच, टिळकांचे अभंग आम्ही दर रविवारी गातो.

चालतं, शास्त्रात भरपूर आहे, आम्हीच उपासनेतून बाजूला ठेवलंय. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यातली एक तृतीयांशाहून जास्त विलापाची आहेत. तरी रविवारी आम्ही काय वाचतो तर २३, १००, १०३, १२१. दाविदाने "कोठवर?" असं चारदा विचारून सुरू केलेलं १३ वं स्तोत्र कोणी वाचायला घेत नाही. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. आणि खुद्द प्रभू वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राचे शब्द ओरडला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. ज्या मंडळीत असं ओरडायला जागा नाही तिथे वैशालीताईंसारख्यांचं तोंड बंद होणारच, दोष त्यांचा नाही.

---

वसईचा_मायकल

मी कॅथलिक, वसईचा. बायको एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेली. तेव्हाचे दिवस सगळ्यांना आठवत असतील, ऑक्सिजनसाठी मी आणि मेहुणा रात्रभर गाडी घेऊन फिरलो. दफनाला घरातले आम्ही मोजके, किट घातलेले. आमच्याकडे मयताला अख्खं गाव येतं हो, इथे खांदा द्यायला पण कोणी नाही. बायका संध्याकाळी फोनवर जपमाळ म्हणायच्या, स्पीकर टेबलवर ठेवून मी नुसता बसायचो. एक "नमो मरिये" माझ्या तोंडातून निघत नव्हतं, ते सगळे माझ्या वाटचं म्हणत होते. वैशालीताई, तुमच्या तोंडून गीत निघत नाही ना, राहू दे, बाजूची बाई गाते ना, ते तुमच्यासाठी पण चाललंय असं समजा. मंडळी कशासाठी असते मग.

मला काय झालं ते सांगतो. पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी मिस्सानंतर, म्हणजे आमच्या उपासनेनंतर, आम्ही रात्री आराधनेला बसतो ना, गेथशेमाने बागेची आठवण, तिथे बसलो होतो. मी देवाशी काहीच बोललो नाही. फक्त कळलं की त्या रात्री येशू पण जीव घाबरा होऊन हा प्याला दूर कर म्हणत होता आणि त्याचे मित्र झोपले होते. त्याला पण एक तास जागं राहणारं कोणीतरी पाहिजे होतं. देवाच्या पोराला पाहिजे होतं तर मला का लाजायचं. त्यानंतर मी आमच्या फादरना जाऊन सगळं बोललो, शिव्या पण दिल्या असतील देवाला, त्यांनी ऐकून घेतलं.

आता मी एक करतो. गावात कोणाची बायको गेली की मी त्या घरी पहिल्या महिन्यात जात नाही, तेव्हा गर्दी असते. महिन्याची मिस्सा झाली की लोक येणं बंद होतं, तेव्हा जातो. बऱ्याच पुरुषांना साधा भात लावता येत नाही, गॅसचा नंबर कुठे लावायचा माहीत नसतं, पोरांच्या शाळेच्या ग्रुपवर कोण आहे ते माहीत नसतं. ते शिकवतो. मग कधीतरी तो माणूस रडतो, मग आम्ही बसतो. थेस्सलनीकाकरांच्या पत्रात आहे ना, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. माझ्या मेहुण्याने मला ते रडू नकोस म्हणून ऐकवलं होतं. पण पौल शोक करू नका म्हणतच नाही तिथे. शोक करा, पण भेट होणार आहे हे धरून करा. मी माझ्या बायकोला परत भेटणार आहे, हे मी गंभीरपणे मानतो, आणि ते मानतो म्हणून सकाळी उठतो.

---

जॉन_पिंपरी

मायकलभाऊ, डोळे भरून आले. तुमचा तो दुसऱ्या महिन्यात जायचा विचार मी आमच्या मंडळीत मांडणार आहे.

---

वैशाली_जालना

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. मिस्टरांनाही वाचून दाखवलं, डायलिसिस चालू असताना, फोनवरून हळू आवाजात. योहान ९ वाचलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने म्हणाले परत वाच. मग म्हणाले, म्हणजे मी नाही ना.

ते इतके महिने हेच मनात घेऊन बसले होते आणि मला माहीत नव्हतं.

शिल्पाताई, त्या बहिणीला मी आज फोन केला आणि सांगितलं की डायलिसिस बंद होणार नाही, परत हा विषय नको. आवाज थरथरत होता पण सांगितलं. शहाळी खरंच येत होती, ती आता मुलगा पितो. जेवणाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. आता डबे भरायच्या आधी माझं ताट वाढून ठेवते.

पाळकसाहेब, माझ्या पाळकांशी बोलले. ते चिडले त्या भावांवर, म्हणाले मी बोलतो. पुढच्या वेळी घरी प्रार्थना झाली तर चारच माणसं येतील, आणि बोलण्याआधी मिस्टरांना विचारतील की आज काय मागू. माझ्या मनातला राग मी पण बोलले काल रात्री, स्वयंपाकघरात, मोठ्याने. शब्द चांगले नव्हते. त्याने सगळं मोकळं झालं असं नाही, पण कितीतरी दिवसांनी मी देवाशी बोलले हे खरं. मंजिरीताई, तुमचा प्रश्न वाचला नसता तर धीर झाला नसता.

एक विचारायचं आहे. पाळक म्हणाले की बायकांच्या बुधवारच्या सभेत विलापाची स्तोत्रं तू घे. मला भीती वाटते की सगळ्या रडायला लागतील आणि मला सांभाळता येणार नाही. कुठून सुरू करू, कसं करू?

---

निखिल_ना

ताई नक्की घ्या!! आमच्या युथ ग्रुपला पण पाहिजे हे.

---

शिल्पा_सिस्टर

रडल्या तर रडू दे ताई. पाणी आणि चहा ठेवा. एखादी फारच खचलेली दिसली, जगावंसं वाटत नाही असं काही बोलली तर तिला एकटी घरी पाठवू नका, कोणीतरी सोबत जा आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात, कधीही लावता येतो. प्रार्थना करा आणि हेही करा.

---

नगरचे_गुरुजी

वैशालीबाई, मी शिकवायच्या बाजूने सांगतो, पाळकसाहेब अजून भर घालतील.

पहिल्या बुधवारी फक्त १३ वं घ्या. सहाच ओवी आहेत. तुम्ही एकदा वाचा, मग दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या, शक्यतो जी कधी पुढे येत नाही अशा बाईला. स्पष्टीकरण देऊ नका. कागद पेन्सिल द्या आणि प्रत्येकीला "कोठवर" ने सुरू होणारी स्वतःची एक ओळ लिहू द्या, लिहिता येत नसेल तर शेजारणीने लिहून द्यावी. ज्यांना वाचायची आहे त्यांनीच वाचायची, कोणाला आग्रह नको. कोणी वाचल्यावर लगेच सल्ला द्यायचा नाही हा नियम आधीच सांगून टाका, एकदोघी मोडतील, तेव्हा प्रेमाने थांबवा. १३ व्या स्तोत्राचा शेवट गाण्याकडे जातो, पण त्या दिवशी तुमच्यातल्या कोणाला तिथवर जाता आलं नाही तरी चालेल.

पुढे ४२, मग ७७. ७७ मध्ये तो विचारतो की देव दया करायला विसरला का, आणि मग जुन्या गोष्टी आठवायला लागतो, तिथे तुम्ही बायकांना त्यांच्या आज्यांच्या गोष्टी विचारा. आपल्या मराठी मंडळ्यांमधल्या कितीतरी घराण्यांत पहिली ख्रिस्ती झालेली आजी पणजी दुष्काळात नाहीतर प्लेगात सगळं गमावून आलेली आहे, आणि नातींना ते माहीतच नाही. ८८ सगळ्यात शेवटी ठेवा, सभेतल्या बायकांचा एकमेकींवर भरवसा बसल्यावर. ते वाचून झालं की काही जोडू नका, प्रार्थनाही लांबवू नका, प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणा आणि चहा घ्या.

मोठ्या अक्षरांतली प्रत घ्या, बऱ्याच जणींना चष्मा आणायची आठवण राहत नाही. आणि वेळ एक तासाच्या वर नेऊ नका, तुम्हाला दुसऱ्या दिवशी डबे आहेत.